ताबा, हेतू आणि सहा महिने

‘रान माझं, सातबारा माझ्या नावावर, मोजणी माझ्या बाजूनं निघाली, मग तो आत शिरून नांगर घालतो, तर पोलीस त्याला धरत का नाहीत?’ बार्शीपासून अक्कलकोटपर्यंत, सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुका कोर्टाच्या आवारात हा प्रश्न कानावर येतो. ठाण्यात त्या माणसाला ठरलेलं उत्तर मिळालेलं असतं: ‘हे दिवाणी स्वरूपाचं आहे, कोर्टात जा.’ कोर्टात वकील म्हणतो, आधी सरकारी मोजणी आणा. मोजणीची तारीख येईपर्यंत समोरच्यानं पेरलेलं असतं, कधी काढूनही नेलेलं असतं. मग चिडून हा हातात काठी घेतो, आणि गुन्हा दाखल होतो तो याच्यावर.

अतिक्रमणाच्या फौजदारी कायद्यावर बोलायचं तर या माणसापासूनच सुरुवात करायला हवी, कारण तो कायद्याकडून जे मागतो ते या कायद्यात फारसं नाहीच. त्याला त्याची जमीन परत हवी आहे. फौजदारी कायदा देतो ती शिक्षा, आणि तीही एका ठरावीक प्रकारच्या घुसखोरीला. जमीन परत मिळवण्याचे रस्ते वेगळे आहेत, त्यातले सर्वांत जवळचे रस्ते सहा महिन्यांत बंद होतात, आणि ते सहा महिने आपली माणसं बहुतेक वेळा ठाण्याच्या पायऱ्यांवर घालवतात. मला या सगळ्या प्रश्नातलं खरं दुखणं इथं दिसतं.

कायद्याची व्याख्या जुनी आहे. मेकॉलेच्या आयोगानं १८३७ मध्ये मसुदा केला, १८६० मध्ये भारतीय दंड संहिता मंजूर झाली, १८६२ च्या १ जानेवारीला ती लागू झाली. तिच्या कलम ४४१ मध्ये जे होतं तेच आज १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये आहे. दुसऱ्याच्या ताब्यातल्या मालमत्तेत गुन्हा करण्याच्या, किंवा ताबा असलेल्याला धाक दाखवण्याच्या, त्याचा अपमान करण्याच्या वा त्याला त्रास देण्याच्या हेतूनं शिरणं, किंवा रीतसर आत आल्यावर अशा हेतूनं तिथंच ठाण मांडणं, हे फौजदारीपात्र अतिक्रमण. यातले दोन शब्द नीट पाहिले पाहिजेत: ताबा आणि हेतू. मालकी हा शब्द व्याख्येत कुठंच नाही.

म्हणजे सातबारा तुमच्या नावावर असला आणि रान गेली आठ वर्षं दुसरा कसत असला, तर या कलमानं संरक्षण मिळतं ते कसणाऱ्याला. तुम्ही चार माणसं घेऊन तिथं ट्रॅक्टर घातलात तर आरोपी तुम्ही. सर्वोच्च न्यायालयानं १९७५ च्या पूरण सिंग खटल्यात आणि पुढे २००४ च्या रामे गौडा खटल्यात हे स्पष्ट सांगितलं आहे. एखाद्याचा ताबा मुरलेला असेल, खऱ्या मालकाला तो माहीत असूनही त्यानं चालू दिलेला असेल, तर मालकालासुद्धा त्याला बळानं हुसकावता येत नाही; कायद्याच्या वाटेनंच जावं लागतं. ऐकणाऱ्याला हे अन्यायाचं वाटतं. पण उलटा नियम केला तर ज्याच्यामागं माणसं जास्त, त्याचं रान, असं होईल. जिल्ह्यातल्या भाऊबंदकीचं स्वरूप ज्याला ठाऊक आहे त्याला हा नियम का हवा ते वेगळं सांगायला नको.

हेतूचं त्याहून नाजूक. १९६४ च्या माथरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आपल्या शिरण्यानं समोरच्याला त्रास होईल एवढं ठाऊक असणं पुरेसं नाही. त्रास देणं हाच शिरण्याचा उद्देश असल्याचं सिद्ध व्हायला हवं. आता बांधावरच्या भांडणात समोरचा नेहमी एकच सांगतो: ‘मला हे माझंच वाटत होतं.’ खरंखोटं देव जाणे, पण हक्काचा प्रामाणिक दावा आहे असं दिसलं की फौजदारी खटला ढासळतो. ‘दिवाणी स्वरूपाचं आहे’ हे ठाण्यातलं वाक्य पुष्कळदा टाळाटाळीचं असतं, तरी त्याच्या बुडाशी हा खरा कायदा आहे. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फौजदारीपात्र अतिक्रमण हा दखलपात्र गुन्हा आहे, आणि दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की ती नोंदवणं बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं २०१३ मध्ये सांगून ठेवलं आहे. कोयता दाखवून, शिवीगाळ करून कुणी रानात घुसलं असेल तर ‘दिवाणी’ म्हणून परत पाठवणं चूकच.

शिक्षेचा आकडा ऐकून लोक हताश होतात. नुसत्या अतिक्रमणाला तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. घरात शिरल्यास वर्षापर्यंत कैद, दंड तेवढाच. जुन्या संहितेत हे दंड अनुक्रमे पाचशे आणि हजार रुपये होते. १८६० साली पाचशे रुपये ही जबर रक्कम होती. तीच रक्कम दीडशेहून अधिक वर्षं तशीच राहिली आणि शेवटी शेवटी तिला काही अर्थच उरला नव्हता. नव्या संहितेनं दंड वाढवला, कैद होती तेवढीच ठेवली. सहा किरकोळ गुन्ह्यांसाठी तिनं सामुदायिक सेवेची शिक्षा आणली, पण अतिक्रमण त्या यादीत घेतलं नाही. मला ही मोठी संधी हुकल्यासारखी वाटते. बांध कोरणाऱ्याला तीन महिने आत टाकण्यापेक्षा गावच्या पाणंद रस्त्यावर महिनाभर मुरूम टाकायला लावलं असतं तर गावानं ते डोळ्यांनी पाहिलं असतं. शिवाय हा गुन्हा ताबेदाराच्या संमतीनं आपसात मिटवता येतो, आणि वर्षभरात त्याची तक्रार वा खबर नोंदवली गेली नाही तर मुदतही उलटते.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ मध्ये कलम १२० आहे, ज्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. समाधानकारक कारण नसताना मुद्दाम कुणाच्या घरात, आवारात वा सरकारी जागेत शिरलं, तर नुकसान होवो न होवो, तो गुन्हा. इथं त्रास देण्याचा हेतू सिद्ध करावा लागत नाही. पण मूळ कायद्यातला दंड वीस रुपयांचा! हेतूची अट नसलेलं हे साधं कलम दंड सुधारून वापरात आणलं असतं, तर कितीतरी छोट्या तक्रारी तिथंच निकाली निघाल्या असत्या.

घराच्या बाबतीत मात्र कायदा कडक आहे, आणि तसाच असायला हवा. शिरण्याची पद्धत, वेळ आणि उद्देश बदलेल तशी शिक्षा चढत जाते. लपूनछपून शिरणं किंवा कडी-कुलूप फोडणं, दोन वर्षांपर्यंत. तेच सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी, तीन वर्षांपर्यंत. रात्रीची घरफोडी चोरीसाठी असेल तर चौदा वर्षांपर्यंत. मारहाणीची तयारी करून घरात घुसल्यास न्याय संहितेच्या कलम ३३३ खाली सात वर्षांपर्यंत. सोलापूरच्या उन्हाळ्यात घरंच्या घरं गच्चीवर झोपतात, खाली कुलूप लावलेलं असतं. पहाटे खाली उतरल्यावर कपाट उचकटलेलं दिसतं. अशा चोरीला कायदा साधी चोरी मानत नाही, रात्रीची घरफोडी मानतो, कारण घर म्हणजे माणूस जिथं बेसावध असतो ती जागा.

आणि घर कशाला म्हणायचं? राहण्यासाठी वापरलेली इमारत, तंबू किंवा नौका, शिवाय पूजास्थान आणि माल ठेवण्याची जागा, एवढं सगळं त्यात येतं. तंबू हा शब्द इथं फार मोलाचा आहे. गळीत हंगामात या जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या आसपास ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. चार बांबू, पाचट, वर ताडपत्री. कायद्याच्या नजरेत ती कोपी हे घर आहे. उचल वसूल करायला आलेला माणूस रात्री त्या कोपीत धाकदपटशा करत शिरला, तर तो बंगल्यात शिरणाऱ्याइतकाच गृहअतिक्रमणाचा आरोपी. हे किती मुकादमांना माहीत आहे, आणि किती कामगारांना? मला वाटतं, या कलमातली ही सर्वांत माणुसकीची गोष्ट आहे आणि सर्वांत कमी वापरली गेलेली.

आता बांध. जिल्ह्यात या कायद्याखाली होणारी भांडणं मोजायला बसलं तर बहुतेक सगळी बांधावर येऊन थांबतील. बांध एका दिवसात जात नाही. नांगरटीच्या वेळी ट्रॅक्टरचं चाक बांधाच्या कडेवर चढतं, फाळ वीतभर आत जातो, माती घसरून पलीकडच्या तासात पडते. पुढच्या साली पुन्हा वीतभर. पाच-सात वर्षांत बैलगाडी जाईल एवढा सरबांध पाय ठेवण्यापुरता उरतो, बांधावरची बाभळ कलते, आणि एका पावसाळ्यात आडवी होते. कुठल्या दिवशी अतिक्रमण झालं ते सांगता येत नाही, म्हणून फिर्यादीत तारीख लिहिताना फौजदार आणि फिर्यादी दोघंही अडतात.

मग मोजणी. भूमी अभिलेखचा भूकरमापक येतो, पूर्वी प्लेन टेबल आणि साखळी असायची, आता रोव्हर असतो. दोन्हीकडची माणसं बांधावर जमतात, लगतच्या गटवाल्यांना नोटिसा गेलेल्या असतात. मशीन जमिनीवर टेकतं, आकडा येतो, भूकरमापक चुन्यानं खूण करतो, आणि ती खूण कुणाच्या तरी उभ्या ज्वारीत चार फूट आत पडते. तिथून आवाज चढतो. एक बाजू पंचनाम्यावर सही करायला नकार देते. हद्दीचे दगड रोवले जातात आणि रात्रीतून एखादा दगड नाहीसा होतो. सरकारी अधिकाऱ्यानं ठरवलेली हद्दखूण मुद्दाम हलवणं वा नष्ट करणं हाही मालमत्तेच्या नुकसानीचा, म्हणजे आगळिकीचा गुन्हा आहे, न्याय संहितेच्या कलम ३२६ खाली वर्षापर्यंत कैद. पण दगड कुणी उपटला ते सांगायला पहाटे तीन वाजता रानात कोण असणार? ज्याला मोजणी पटत नाही तो निमताना मोजणी मागतो, आणि पुन्हा तारीख. आणखी एक गोष्ट लोकांना उशिरा कळते: मोजणीनं हद्द दिसते, ताबा मिळत नाही. मोजणी नकाशाची ‘क’ प्रत हातात आली म्हणजे जमीन हातात आली, अशा समजुतीनं कितीजण मशीन गेल्यावर दुसऱ्याच दिवशी तार ओढायला जातात आणि गोत्यात येतात.

नुकसानीचा कायदा अतिक्रमणापासून वेगळा आहे, आणि तिथं नवी संहिता थोडी बरी झाली आहे. आगळीक, म्हणजे मुद्दाम मालमत्तेचं नुकसान करणं, याला पूर्वी तीन महिने होते, आता सहा महिन्यांपर्यंत. जुन्या कायद्यात पन्नास रुपयांचं नुकसान झालं की दोन वर्षांची तरतूद लागायची. आता वीस हजार ते लाखाच्या आतल्या नुकसानीला दोन वर्षांपर्यंत आणि लाख वा त्यावरच्या नुकसानीला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सांगोल्यात कुणी रागानं डाळिंबाची बाग तोडली, तर हा लाखाचा आकडा गाठायला वेळ लागत नाही, आणि लाखाच्या वरचा हा गुन्हा दखलपात्र आहे. खालचे अदखलपात्र, तिथं ठाण्यात मिळते ती फक्त एनसीची पावती. म्हणून नुकसानीचा पंचनामा आणि कृषी सहायकाचा अंदाज पहिल्याच दिवशी घेणं फार महत्त्वाचं. झाडं वाळून गेल्यावर आकडा सिद्ध करता येत नाही.

पाण्याचं कलम तर सोलापूरसाठीच लिहिल्यासारखं आहे. शेतीच्या पाण्याचा पुरवठा कमी होईल असं कृत्य केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. उजनीच्या कालव्यावर चारी फोडणं, शेजाऱ्याची पाइपलाइन जेसीबीनं उखडणं, सामाईक विहिरीवरची मोटार बंद पाडणं, या गोष्टींवर माळशिरस, मोहोळ, माढ्यात जेवढी डोकी फुटली तेवढी नुसत्या जमिनीवर फुटली नसतील. दुसऱ्याच्या रानातून पाइपलाइन न्यायची असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४९ खाली तहसीलदाराची परवानगी घेता येते. ती घेऊन टाकलेली लाइन आणि तोंडी बोलीवर टाकलेली लाइन, यांच्यात भांडणाच्या दिवशी जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

मग बांध गेलेल्यानं जायचं कुठं? पहिली वाट तहसीलदाराची. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली शेतजमिनीचा बळकावलेला ताबा, अडवलेली वहिवाट, रोखलेलं पाणी, या तिन्हींवर तहसीलदाराकडे दावा करता येतो. तो जागेवर येऊन पाहू शकतो, ताबा परत देण्याचा आणि अडथळा काढण्याचा हुकूम करू शकतो. खर्च नाममात्र. अट एकच, घटनेपासून सहा महिन्यांत आलं पाहिजे. दुसरी वाट दिवाणी न्यायालयाची: विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम १९६३ चं कलम ६. इथं मालकी सिद्ध करायची गरज नाही. ताबा माझा होता आणि कायद्याबाहेर काढून घेतला, एवढंच दाखवायचं. मुदत पुन्हा सहा महिने. शांतताभंगाची भीती असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६४ खाली कार्यकारी दंडाधिकारी प्रत्यक्ष ताबा कुणाचा होता ते ठरवतो, आणि पोलिसांच्या अहवालापूर्वीच्या दोन महिन्यांत बळानं काढलेल्या माणसाला तो ताबेदार धरू शकतो. ही दारं बंद झाल्यावर उरतो तो मालकीचा दावा, बारा वर्षांच्या मुदतीचा, आणि त्याला लागणारी वर्षं घरातला एक माणूस कोर्टाला वाहून टाकतात.

फौजदारी न्यायालयालाही ताबा परत देता येतो, पण दोषसिद्धी झाली तर, बळ वा धाक वापरल्याचं दिसलं तर, आणि तेही शिक्षेनंतर महिनाभरात. अशी वेळ क्वचित येते.

स्वसंरक्षणाबद्दल गावात मोठा गैरसमज आहे. मालमत्तेच्या बचावाचा हक्क कायद्यानं दिला आहे, अतिक्रमण चालू असेपर्यंत तो टिकतो, आणि रात्रीच्या घरफोडीत तो फार पुढपर्यंत जातो. पण सरकारी मदत घ्यायला वेळ असेल तिथं तो हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा तर कधीच नाही. परवा कोरलेल्या बांधासाठी आज कुऱ्हाड उचलणं हे कुठल्याही अर्थानं स्वसंरक्षण नव्हे.

शहरात हाच ताब्याचा नियम घरमालकाच्या अंगावर येतो. करार संपला, भाडेकरू निघत नाही, मालक त्याच्या अपरोक्ष कुलूप बदलतो आणि सामान जिन्यात काढून ठेवतो. इथं अतिक्रमणाचा आरोपी मालक. भाडेकरू करार संपूनही राहिला तर ते बहुतांशी दिवाणी प्रकरण, हे १९८३ च्या कंवल सूद खटल्यातलं सूत्र. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ मध्ये लिव्ह अँड लायसन्स संपलेल्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडची झटपट वाट आहे, मुदतीनंतर दुप्पट भाड्याची तरतूदही आहे. भाडेकरूचं वीज-पाणी तोडणं मात्र त्याच कायद्यानं गुन्हा आहे. सोलापूरच्या पूर्व भागात घर आणि माग एकाच छताखाली असतात; तिथं कुलूप लागलं की राहणं आणि कमावणं दोन्ही एकदम थांबतं.

सरकारी जागेवरचं अतिक्रमण हा वेगळाच डोंगर, आणि त्याच्याकडे बांधाच्या मापानं पाहणं मला पटत नाही. १९८५ च्या ऑल्गा टेलिस निकालात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांबद्दल नेमका हाच प्रश्न हाताळला: हे लोक गुन्हेगार आहेत का? उत्तर होतं, त्यांचा हेतू कुणाला धाक दाखवण्याचा, अपमान करण्याचा वा त्रास देण्याचा नाही. डोक्यावर छप्पर शोधण्याचा आहे. तिथून हलवण्याचा पालिकेचा अधिकार न्यायालयानं मान्य केला, पण सूचना देऊन, ऐकून घेऊन. हेतूची तीच अट, जी बांधावर चिडचिड करायला लावते, ती इथं गरिबाला गुन्हेगार ठरण्यापासून वाचवते.

महाराष्ट्रात जमिनीवर शिरणं ही चळवळही झालेली आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुढे १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले, माणसं पडीक आणि गायरान जमिनींसाठी तुरुंगात गेली. त्या रेट्याचा धागा पुढं २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयापर्यंत येतो, ज्यानं १४ एप्रिल १९९० पूर्वीची मागासवर्गीयांची गायरानावरची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं. मग २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा जगपाल सिंग निकाल आला, गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा म्हणून. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर राज्यातल्या गायरानांवरच्या अतिक्रमणांचा आकडा आला, तो दोन लाखांहून जास्त होता. त्यात धनदांडग्यांची गोदामं आहेत आणि दोन पिढ्या कसलेली एकरभर रानंही आहेत. दोघांना एकच नोटीस पाठवणं हा अन्याय आहे, असं मी ठामपणे म्हणतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाडकामाआधी पंधरा दिवसांची नोटीस सक्तीची केली, पण रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्ग, नदीपात्र यांसारख्या सार्वजनिक जागांवरची बांधकामं त्यातून वगळली, आणि गरीब माणूस बहुतेक वेळा राहतो तो नेमका तिथंच. अतिक्रमणं खऱ्या अर्थानं कमी होतात ती घरं मिळाल्यावर. सोलापूरनं ते करून दाखवलं आहे: २००६ मध्ये विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकर वसाहतीतली दहा हजार घरं, आणि कुंभारीचं रे नगर, तीस हजार घरांचा प्रकल्प, ज्यातल्या पहिल्या पंधरा हजारांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांच्या या लढ्यानं जे झालं ते कुठल्या जेसीबीला जमलं नसतं.

या शहराच्या इतिहासात मालमत्तेचे कायदे कुणासाठी आणि कुणाविरुद्ध चालले याच्या दोन खुणा आहेत. १८७१ साली गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा झाला, ज्यानं कोंडवाडे उभे राहिले. त्याच साली गुन्हेगार जमाती कायदाही झाला, ज्यानं माणसं जन्मानं गुन्हेगार ठरली. पुढं तो मुंबई इलाख्यात आला आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट उभी राहिली. परवान्याशिवाय कुंपणाबाहेर पाऊल टाकणं हाच तिथल्या माणसाचा गुन्हा. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा देशभरातून गेला. आजही रात्रीच्या घरफोडीनंतर पहिला संशय कुठल्या वस्तीवर जातो ते शहराला ठाऊक आहे, आणि हे बदललं पाहिजे. दुसरी खूण १९३० ची. ८ मे रोजी सोलापूरची माणसं शिंदीची झाडं तोडायला निघाली. कायद्याच्या भाषेत ती आगळीकच. गोळीबार झाला, शंकर शिवदारे पडले, शहर पेटलं, १२ मे पासून मार्शल लॉ आला, आणि पुढच्या १२ जानेवारीला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे येरवड्यात फासावर गेले. हेतू काय होता, हा प्रश्न त्या राजवटीनं विचारला नाही.

कोंडवाड्याचा कायदा अजून जिवंत आहे. पिकात शिरलेलं जनावर शेतकऱ्यानं पकडून चोवीस तासांत कोंडवाड्यात पोचवायचं. ते बळानं सोडवणाऱ्याला मूळ कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, माणसाच्या अतिक्रमणाच्या दुप्पट! पण माणदेशातलं धनगर आणि शेतकऱ्याचं नातं या कायद्यात बसत नाही. ज्वारी निघाली की शेतकरीच धनगराला बोलावून रानात मेंढरं बसवतो, लेंडीखतासाठी धान्य-पैसे देतो. तीच मेंढरं महिनाभर आधी त्याच रानात शिरली असती तर भांडण पेटलं असतं. तारीख आणि शब्द पाळला जातो तोवर तिथं कलमाची गरज पडत नाही.

दलित-आदिवासींच्या जमिनीच्या बाबतीत कायदा वेगळ्या पातळीवर जातो. त्यांच्या मालकीची, ताब्यातली किंवा त्यांना मिळालेली जमीन बळकावणं वा कसणं हा अत्याचार प्रतिबंधक अधिनियम १९८९ खाली सहा महिने ते पाच वर्षांच्या कैदेचा गुन्हा आहे. वतनाच्या जमिनी आणि सीलिंगमध्ये मिळालेले तुकडे कागदावर एकाचे आणि नांगराखाली दुसऱ्याचे असतील, तिथं ठाण्यानं ‘दिवाणी’ म्हणणं हे कर्तव्यात कसूर करणंच.

तंटे मिटवण्याचे प्रयोग महाराष्ट्रानं केले आहेत. १५ ऑगस्ट २००७ ला आर. आर. पाटलांनी सुरू केलेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत कितीतरी बांध पारावर मिटले, पण पुढं समित्यांचा जोर ओसरला. २०२३ च्या जानेवारीतली सलोखा योजना मला जास्त शहाणी वाटते. जमिनींच्या एकत्रीकरणाच्या वेळी कागद आणि वहिवाट यांची फारकत झाली. याचा गट त्याच्या ताब्यात, त्याचा याच्या. बारा वर्षांपासून असा उलटसुलट ताबा असेल तर दोघांनी संमतीनं अदलाबदल करायची, मुद्रांक शुल्क हजार आणि नोंदणी हजार. पंचनामा तलाठी करतो. दोन हजारांत एका पिढीचं भांडण मिटत असेल तर ही योजना प्रत्येक चावडीवर मोठ्या अक्षरात लागायला हवी होती.

माझी मागणी त्याहून छोटी आहे. बांधाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला ठाण्यातून जी एनसीची पावती मिळते, तिच्या मागच्या बाजूला चार ओळी छापा: तहसीलदाराकडे कलम ५ चा अर्ज घटनेपासून सहा महिन्यांत; दिवाणी न्यायालयात कलम ६ चा दावा सहा महिन्यांत; नुकसानीचा पंचनामा आजच; मोजणीचा अर्ज उद्या. आणि खाली रकाना, घटनेची तारीख लिहायला, हवालदाराच्या सहीसह.